काकासाहेबांची वही आणि तरंगलेला थेंब

सन शहाण्णवचा मे महिना. आमचं सामान अजून ट्रकमधून उतरत होतं. कपाट जिन्यात अडकलेलं, कपाटामागे माझा नवरा जयंत अडकलेला, आणि मी हमालांवर नागपुरी हिंदीत तोंडसुख घेत होते. तेवढ्यात तळमजल्याचं दार उघडलं. कडक इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, पीळ दिलेली मिशी, हातात पाण्याचा तांब्या आणि काखेत एक जाड लाल वही. तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला, वही उघडली, खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, "रक्तगट?"

ना नाव, ना गाव. 

दिल्लीत मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा मूळ गावाचा. तिसरा विचारायची गरजच पडत नाही, समोरच्याला हवं ते तोवर कळलेलं असतं. आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, आणि हे प्रश्न कशासाठी असतात ते मला शाळेपासून ठाऊक आहे. म्हणून नवा मराठी शेजारी दिसला की मी आधीच शिंगं रोखून उभी असते. या माणसाला मात्र माझ्या नसांतून काय वाहतं एवढंच हवं होतं. मी म्हटलं, "बी निगेटिव्ह."

त्यांचं पेन हवेतच थांबलं. मग आत वळून ते ओरडले, "अगं ए, बाहेर ये! वरच्या मजल्यावर बी निगेटिव्ह राहायला आल्यात!"

हे आमचे सुभेदार काकासाहेब. साताऱ्याकडचे, अठ्ठावीस वर्षं पलटणीत, आणि रिटायर झाल्यावर साहिबाबादच्या एका नव्या टीव्ही कारखान्यात सिक्युरिटीचे मुख्य. गाझियाबादच्या त्या आमच्या वैशाली कॉलनीत तेव्हा इमारती आधी आल्या होत्या आणि रस्ते यायचे होते. घरोघरी रंगीत टीव्ही होता, आणि तो लावायला वीज मात्र नव्हती. अशा ठिकाणी काकांनी लाल वहीत तीनशे बारा मराठी माणसं गोळा केली होती: कॅन्टोन्मेंटमधले जवान, मंत्रालयांतले कारकून, बँकवाले, गाझियाबादचे इंजिनियर. प्रत्येकाचं नाव, पत्ता, शेजाऱ्याचा फोन आणि रक्तगट.

या वेडाचं मूळ पलटणीत होतं. तिथं जवानाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर रक्तगट कोरलेला असतो. सिव्हिल माणसं गळ्यात काही न लिहिता मोकळी फिरतात, याचा काकांना मोठाच धक्का बसला होता. त्यात तेव्हा ऑपरेशन ठरलं की हॉस्पिटलवाले पहिली गोष्ट विचारत, "रक्त देणारी किती माणसं आणताय?" गावापासून हजार मैलांवर आलेला माणूस कुठून आणणार? तो काकांकडे येई. काका वही उघडत, एका तासात चार जवान मॅटाडोरमधून हजर. कुणाचं अपेंडिक्स असो की कुणाच्या सासूचा मणका, चारपेक्षा कमी माणसं नेणं काकांना कमीपणाचं वाटे.

रक्त देऊन आलेला प्रत्येक माणूस काकांच्या घरी जेवायचा. आणि इथं येतात प्रभावतीकाकू. दोन उकडलेली अंडी, तूप सोडलेला शिरा आणि अळिवाचा लाडू, हे त्यांचं ठरलेलं. "खा रे पोरा, रक्त भरून यायला हवं," असं म्हणत त्या वाढत राहायच्या. त्यांचा स्वतःचा चहा ओट्यावर झाकून ठेवलेला असे. सगळे उठून गेले की साय धरलेला तो गार चहा त्या उभ्याउभ्या पिऊन टाकत, आणि पातेल्यात जे खरवडून निघेल ते जेवत. मी एकदा म्हटलंही, "काकू, आधी तुम्ही बसा ना." त्या हसल्या. "अगं, मला कुठं युद्धावर जायचंय?"

दिवाळीनंतर एक दिवस गच्चीवर पापड वाळवायला जाताना काकू जिन्यातच बसल्या. चेहरा पिठासारखा पांढरा. दोन मजले चढायला त्यांना तीनदा थांबावं लागलं होतं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, वर्षभर दर महिन्याला बारा-बारा दिवस अंगावरून जात होतं.

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"बाईच्या जातीला चालायचंच गं."

मला असा संताप आला की पापडांचं ताटच मी खाली आदळलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी त्यांना नोएडाच्या एका नव्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथं डॉक्टर ममता म्हणून पस्तिशीच्या बाई होत्या. बोलणं फटकळ, हात हलका. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की गर्भाशयात नारळाएवढी गाठ आहे, ऑपरेशन करून पिशवी काढावी लागेल.

ही बातमी काकांना कशी सांगायची, याची मी परतीच्या वाटेवर मनात उजळणी करत होते. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा लावला, वही उघडली आणि विचारलं, "किती बाटल्या?"

बायकोची काळजी नव्हती असं नाही. काळजी वाटली की काका वही उघडत. बाकी काही त्यांना येतच नव्हतं.

दोन दिवसांनी आम्ही तिघं डॉक्टर ममतांसमोर बसलो. काका ताठ बसून म्हणाले, "डॉक्टर साब, फिकर नॉट. हमारे पास तीनशे बारा आदमी तैयार है."

"बहुत अच्छा, अंकलजी. आंटी का ब्लड ग्रुप क्या है?"

काकांनी वही चाळली. 'प' उघडला, आडनावाचा 'म' उघडला, मग पहिलं पान, मग शेवटचं. मी शेजारीच बसले होते. माझ्या जयंतचं नाव दिसलं. आमच्या दूधवाल्याचंसुद्धा दिसलं, तो तर मथुरेचा. काकूंचं नाव वहीत नव्हतं. कौस्तुभ, त्यांचा एकुलता एक मुलगा, गावी घरातच जन्मलेला. त्यामुळे काकूंचं रक्त कुणी कधी तपासलंच नव्हतं. काकांचे कान लाल झाले. काकू मात्र पदराचं टोक बघत बसल्या होत्या.

रिपोर्ट आला: बी निगेटिव्ह. आणि हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ, म्हणजे धडधाकट बाईला हवं त्याच्या जेमतेम निम्मं. हॉस्पिटलच्या फ्रीजमध्ये या गटाची एकही बाटली नव्हती. काकांच्या तीनशे बारांत काकूंना चालण्यासारखे तिघं निघाले. एक जवान लेहला बदलून गेलेला, एक कावीळ होऊन गेलेला बँकवाला, आणि तिसरी मी.

"बघितलंत?" काकांच्या जिवात जीव आला. "पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, अरुणाताई म्हणजे हिरा!"

हिऱ्याला लगेच रक्तपेढीत नेलं. तिथल्या माणसानं माझ्या बोटाला टोचलं आणि रक्ताचा थेंब निळ्या पाण्याच्या ग्लासात सोडला. रक्त कसदार असेल तर थेंब तळाशी जातो. माझा थेंब थोडा खाली गेला, विचार केल्यासारखा थांबला आणि वर येऊन तरंगायला लागला.

"मॅडम, आप नहीं दे सकतीं. आपका खुद का कम है."

काकांनी वाकून ग्लासात पाहिलं, ग्लास हलकेच टिचकावून पाहिला. थेंब तरंगतच राहिला. सेक्शनमध्ये अठरा कारकुनांना दम देणारी बाई मी, आणि मोजलं तर माझ्यात साडेनऊ निघालं! मी सकाळी केलेला डबा बसमध्ये विसरते आणि संध्याकाळी मुलांचं उरलेलं खाते, हे काकांना सांगायची माझी काही हिंमत झाली नाही.

काका डॉक्टर ममतांकडे परत गेले ते अक्षरशः हात जोडूनच. "अब क्या करेंगे?"

"अंकलजी, आपसे खून माँगा किसने?" त्या म्हणाल्या. "ऑपरेशन आज ही करना है क्या?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. माणूस मरायला टेकला असेल तर दुसऱ्याचं रक्त देवासारखं धावून येतं. पण ते चढवण्यातही जोखीम असते, आणि हाताशी आहे म्हणून कुणी ते चढवत नाही. काकूंच्या हातात वेळ होता. आधी गोळ्यांनी रक्तस्राव थांबवायचा. मग जंताचं औषध, लोहाच्या गोळ्या, नीट जेवण. दहा आठवड्यांत काकूंचं रक्त काकूंनीच तयार करायचं, म्हणजे ऑपरेशनमध्ये जे जाईल ते त्यांचं त्यांना सोसता येईल. एकच धोका होता. मधेच स्राव पुन्हा जोरात सुरू झाला तर थांबता येणार नव्हतं. तसंच टेबलावर घ्यावं लागलं असतं, आणि बाटली कुठेच नव्हती.

त्या संध्याकाळी काकू माझ्याकडे वर आल्या. धापा टाकत बसल्या आणि म्हणाल्या, "अरुणा, मला मरायचं नाहीये गं. आजवर मला हे कधी ठाऊकच नव्हतं." मी त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. मी फार चिडकी बाई आहे, सहसा रडत नाही, पण त्या दिवशी दोघी पोटभर रडलो.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी मोहीम हाती घेतली. मोहिमेत आम्ही दोघी, कारण मलाही त्यांनी त्याच गोळ्या लावल्या होत्या. लोखंडी कढई आली, नाचणी आली, पालक-मेथीच्या जुड्या सायकलवर लटकून आल्या. गोळ्यांनी कोणाला काय त्रास होतो याची चौकशी ते खालून वर ओरडून करत. ती मी इथं लिहीत नाही. चारही मजल्यांना ऐकू गेली एवढं पुरे.

तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. माझं साडेनऊवरून साडेदहा. काकूंचं सहा पॉइंट आठवरून जेमतेम सात.

काकांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवली. पहिला संशय गोळ्यांच्या कंपनीवर. पण मी त्याच गोळ्या घेत होते. दुसरा भाजीवाल्यावर. तिसरा, मला सांगताना लाज वाटते, माझ्यावर, की मी काकूंच्या वाटणीची मेथी खाते! मी वही फेकूनच मारणार होते. शेवटी तिघं डॉक्टर ममतांसमोर उभे राहिलो.

"गोली रोज लेती हैं?"

"बिल्कुल!" काकांनी छाती काढली. "मैं खुद देता हूँ. सुबह पाँच बजे. पलटन का टाइम. मैं खुद चाय बनाता हूँ, एकदम कड़क, फिर ठंडी करता हूँ ताकि गोली झट उतरे. एक घूँट चाय, गोली, फिर पूरा गिलास चाय."

डॉक्टर ममतांनी पेन खाली ठेवलं. "चाय के साथ?"

"पलटन में हर गोली चाय के साथ ही..."

"अंकलजी, चाय लोहे को पेट में ही पकड़ लेती है. आप रोज सुबह गोली भी दे रहे हैं, और उसका असर भी खुद ही मार रहे हैं." त्या काकूंकडे वळल्या. "और आंटी, खाना?"

 उत्तर काकांनीच दिलं, आणि अगदी सहज दिलं. "हमारे घर में लेडीज सबके बाद खाता है."

"और हरी सब्जी, मेथी-वेथी?"

"सबको पसंद है. खतम हो जाती है," काका म्हणाले.

 ते 'सबके बाद' काकांनी जन्मभर म्हटलं असेल, पण ते स्वतःच्या कानांनी त्यांनी बहुधा तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

परतताना ऑटोत काकू दमून डोळे मिटून बसल्या होत्या. वाटेत हिंडन कॅनॉल लागला. काका एकदम म्हणाले, "पानिपत."

मला वाटलं, चादरी आणायच्यात. दिल्लीत पानिपत म्हटलं की चादरी. "आत्ता कशाला, काका?"

"पानिपतावर आपले लोक शौर्यात कमी नव्हते पडले, अरुणाताई. रसद तुटली होती. उपाशी पोटी लढले." त्यांनी काकूंकडे बघितलं. "माझ्या घरात रसद तुटली, आणि मला पत्ता नाही. मी कसला सुभेदार? तीनशे बारा माणसांना हिच्या हातचं खाऊ घातलं आणि फुशारकी मी मारली. मला लाज वाटते हो."

काकूंचे डोळे मिटलेलेच होते, पण त्या झोपलेल्या नव्हत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

त्या दिवसापासून नवा हुकूम. गोळी सकाळी लिंबाच्या सरबताबरोबर. चहा गोळीपासून आणि जेवणापासून दोन तास दूर. आणि पहिलं ताट काकूंचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड गेलं. काकू ताटावर बसल्या, काका समोर उभे. अर्धी भाकरी झाली आणि काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही असे पहाऱ्याला उभे राहिलात तर मला घास उतरत नाही." काका थोडा विचार करून टाच आपटून पाठमोरे झाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काकूंना इतकं हसू आलं की ठसका लागला. मग रोज तसंच. काकू जेवायच्या आणि काका भिंतीवरच्या कॅलेंडरला पहारा द्यायचे. मी खाली गेले की मलाही त्याच पंगतीत बसवत. मी तरी कशी सुटणार? मुलांचं उरलेलं खाणं माझंही बंद झालं.

सातचं साडेआठ झालं, साडेआठचं दहा. मधे एका रविवारी थोडं लाल दिसलं तेव्हा काकांनी देव पाण्यात ठेवले आणि कारखान्याला रजा टाकली. संध्याकाळपर्यंत थांबलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काकूंचा आकडा आला: अकरा पॉइंट दोन. माझा साडेबारा. रक्तपेढीत मी हट्टानं पुन्हा बोट पुढे केलं. थेंब पडला तो दगडासारखा थेट तळाला! काकांनी टाळ्या वाजवल्या, तिथला माणूस दचकलाच.

ऑपरेशनच्या दिवशी मी राखीव म्हणून पोटभर न्याहारी करून हजर होते. काचेच्या दारांचं ते नवं हॉस्पिटल, गुळगुळीत फरशी, कुंडीत खोटी झाडं. आणि बाकांवर ओळीनं अकरा जवान, बाह्या दंडापर्यंत वर करून. पुढे नाईक ज्ञानोबा, मांडीवर स्टीलचा मोठा डबा. डब्यात तीस अळिवाचे लाडू. आदल्या दिवशी काकूंनीच वळले होते, रक्त द्यायला येणाऱ्या पोरांसाठी! त्यांना आवरणं माझ्या बापाला जमलं नसतं. गेटवरच्या पहारेकऱ्याला वाटलं धाड पडली.

डॉक्टर ममता हातमोजे चढवायला जाता जाता थबकल्या. "अंकलजी, ये कौन हैं?"

"रिजर्व," काका म्हणाले. गट एकाचाही जुळत नव्हता, पण बदल्यात रक्तपेढीला द्यायला तर चालणार होते.

दोन तास गेले. काका वही उघडायचे, मिटायचे. एकदा मला म्हणाले, "हिला काही झालं तर या वहीला काडी लावीन." मी म्हटलं, "काही होत नाही, गप्प बसा." 

दार उघडलं. डॉक्टर ममता टोपी काढत बाहेर आल्या. "सब ठीक. बहुत कम खून गया. बाहर की एक बूंद नहीं चढ़ाई."

माझा जीव भांड्यात पडला. काकांनी वही मिटली. मागून ज्ञानोबानं दंड पुढे केला. "म्हंजी आमचं घ्यायचंच न्हाई? कुणाचंच?"

"किसी का नहीं," डॉक्टर म्हणाल्या. अकरा जणांनी एकमेकांकडे बघत, जरा हिरमुसून, बाह्या खाली केल्या.

दुपार गेली. कुणीतरी डब्याच्या झाकणाला हात लावला तेव्हा काका गरजले, "खबरदार! ती घेतल्याशिवाय कुणी घ्यायचं नाही." जवान पोटं धरून बसले, पण हुकूम तो हुकूम. संध्याकाळी नर्स सांगत आली की आता पेशंटला घोटभर चहा द्या.

"चहा?" काका किंचाळलेच. "चाय तो लोहे को पकड़ लेती है!"

"आज चलेगा, अंकल."

काका स्वतः कॅन्टीनला गेले, थर्मास भरून आणला आणि कपात चहा ओतला. काकू निजल्या निजल्याच म्हणाल्या, "पोरं जेवली का?"

"नाही."

"अहो, सकाळपासून उपाशी ठेवलंत त्यांना?"

"आधी तू," काका म्हणाले आणि कप त्यांच्या ओठांशी धरला.

काकूंनी घोट घेतला. "आई गं!"

"काय झालं? टाका तुटला? सिस्टर!"

"ओरडू नका हो. काही नाही झालं." काकू कपाकडे बघत होत्या. "गरम आहे. जीभ भाजली. लग्न झाल्यापासून असा गरम चहा कधी प्यालेच नव्हते, सवयच नाही."

काका कप माझ्या हातात देऊन उठले. "पोरांना सांगून येतो," म्हणाले आणि टाच न आपटताच वळले. बराच वेळ झाला तरी ते आले नाहीत. दाराच्या काचेतून मला दिसत होतं, व्हरांड्यात ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, मिशी रुमालानं पुसत. त्यांच्या मागे अकरा जवान डबा घेऊन ताटकळत होते, झाकण उघडायची कुणाची छाती होत नव्हती. मी त्यांना सांगायला उठले, तशी काकूंनी माझा पदर धरला.

"अरुणा, थर्मासात अजून आहे का गं? असेल तर मलाच दे."